दोरीची खाच

सकाळी आधी गंगारामचा उजवा खांदा जागा व्हायचा, मग गंगाराम. खांदा एकदा ठणकायला लागला की झोपेचं नाव नको. चौतीस वर्षं घाटकोपरच्या एका फाउंड्रीत बिडाच्या ओतीव मालावर कानस आणि ग्राइंडर चालवून त्याने तो खांदा असा करून घेतला होता. बरं, निवृत्त होऊन गावी आल्यावर माणसाने जरा टेकावं की नाही? पण छे! या बाबाने मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडचा कोपरा धरला आणि परत बीडच घासायला बसला.

काम काय, तर जुन्या पायमशीनचे सांगाडे. तुम्ही पाहिले असतील. कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यामागे पडलेले असतात. वरचं शिवणयंत्र केव्हाच भंगारात गेलेलं. खाली उरतं ते सगळं बिडाचं, वेलबुट्टीचे दोन पाय, मधे जाळीदार पायडल आणि बाजूला चाक. आपली खारी हवा त्यावर बसून बसून ते विटेच्या रंगाचं होतं. गंगाराम ते आणायचा, गंजलेले बोल्ट सुटेपर्यंत डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, मोडलेलं जोडायचा, काळा रंग द्यायचा. वर फणसाची फळी टाकली की झालं टेबल. आरे-वारेच्या रस्त्यावर जी नवी हॉटेलं झाली आहेत त्यांना या टेबलांचं भारी वेड. पुण्याचे पाहुणे येतात, सोलकढी पितात आणि खाली पायडल हलवत बसतात. गंगारामला त्याची गंमत वाटायची. ज्या बाईने त्या पायडलवर जन्म काढला तिला विचारा म्हणावं, किती मजा येते ती.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी एका हॉटेलाची बारा टेबलं एकदाची संपली. शेजारचा धाकू आपला टेंपो घेऊन आला, दोघांनी मिळून माल चढवला. टेंपो वळणाआड गेला आणि गंगाराम तिथेच एका चिऱ्यावर बसला. एवढं मोठं काम पार पडलं म्हणजे माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला काही वाटलं नाही. उठून घरी जावं असंही वाटेना, कारण घरी आदल्या संध्याकाळी राजेंद्रचा फोन आला होता.

राजेंद्र म्हणजे त्याचा धाकटा, मुंबईत नोकरीला. दोघी लेकी, स्वप्ना आणि रसिका, केव्हाच आपापल्या घरी गेलेल्या. राजेंद्रला मुलगी झाली होती, सानवी, सहा महिन्यांची. फोनवर तो म्हणाला, "बाबा, समीक्षाची रजा संपत्येय. पोरीला बघायला घरचं माणूस पाहिजे. आणि आईचे गुडघे असे. तिला इकडे आमच्याकडे खाली बसायला लागणार नाय, उठायला लागणार नाय. आम्ही शनिवारी येतो. सोमवारी आईला घेऊन जातो."

गंगाराम म्हणाला, "बरं."

अरे बाबा, बरं काय बरं? चौतीस वर्षं मुंबईत खाणावळीचं जेवून, आठ बाय दहाच्या खोलीत सहा जणांत झोपून हा माणूस बायकोजवळ राहायला आला होता. आठ वर्षं झाली होती त्याला. आता ती जाणार आणि हा इथे एकटा भात टाकणार. पण असं तोंडाने बोलायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. प्रेमलाला तरी विचारावं, गो, तुझ्या मनात काय आहे? तेही नाही. ती फोनवर लेकाला फक्त "बघू" म्हणाली होती, आणि त्या "बघू"वर गंगाराम रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिला होता, म्हणजे एकाच कुशीवर, दुसरी खांद्याची.

तर चिऱ्यावर बसल्याबसल्या त्याच्या डोक्यात आलं ते हे. प्रेमलाला डॉक्टरने खाली बसायचं नाही म्हणून बजावलं होतं. ती खाटेच्या कडेवर बसून मांडीत ताट घेऊन जेवायची, गंगाराम खाली. भाजी चिरायची तीही खाटेवर, वाकून वाकून. घरात एक टेबल असतं तर? लोकांना बारा बारा टेबलं करून दिली, आपल्या घरात एक नाही! टेबल झालं की राजेंद्रचं निम्मं म्हणणं तिथेच मिटलं. आणि सांगाडा शोधायला कुठे जायला नको. प्रेमलाचं मशीन माजघरात भिंतीला लागून होतंच. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं त्यावर चादरींची चळत होती.

हे मशीन प्रेमलाने स्वतः मिळवलेलं. थोरली स्वप्ना पोटात असताना तिच्या माहेरी, दाभोळला, एका शिंप्याने दुकान मोडलं, तेव्हा तिच्या भावाने ते एसटीच्या टपावर टाकून इकडे पोचवलं. त्याच्यावर तिने वाडीची पोलकी, शाळेचे गणवेश, विहारातले पंचशील झेंडे, काय काय शिवलं. गंगाराम मे महिन्यात पंधरा दिवस यायचा तेव्हा मशीन बंद असायचं. घर माणसांनी भरलेलं, पोरं ह्याच्या त्याच्या खांद्यावर, मशीनवर अंथरुणांचा ढीग. त्याला त्या मशीनची ओळख होती ती आवाजापुरती. सुट्टी संपून तो पिशवी उचलायचा, प्रेमला बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, यायची, मागे वळायची, आणि तो चढण चढून वरच्या माळावर, सड्यावर, पोचायच्या आत खाली मशीन खडखडायला लागायचं. त्याला वाटायचं, हिला काय, नवरा गेला की हिचं काम सुरू. थोडा रागही यायचा. बायकोने दारात उभं राहून डोळ्याला पदर लावावा असं त्याला वाटत असणार, दुसरं काय!

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "तुझ्या मशीनचा खालचा भाग नेऊ काय? टेबल करतो."

प्रेमला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, मशीनकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं.

"न्या," ती म्हणाली. "मला आता काय करायचंय त्याचं?"

आता बघा, हे वाक्य काही साधं नव्हतं. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर थांबला असता. पण गंगाराम खूश! वरचं यंत्र त्याने कापडात गुंडाळून फडताळात ठेवलं, खणातल्या बॉबिनी आणि अंगुस्तान डब्यात घातलं, आणि बुधवारी सकाळी सांगाडा धाकूच्या टेंपोत.

तीन दिवसांत हे काम करायचं म्हणजे वेडेपणा होता. बोल्टच मुळी दोन दिवस भिजायला हवेत. गंगारामने ते रात्रभरात सोडवले, एकावर हातोडी घालताना जीव मुठीत धरून, कारण बिडाला मार सोसत नाही, लोखंडासारखं ते वाकून सांभाळून घेत नाही, सरळ तुटतं. गुरुवारी दुपारपर्यंत तारेचा ब्रश फिरला. गंजाखालून करडं बीड दिसायला लागलं, पानं दिसली, वेल दिसली. आणि डाव्या पायाच्या मागच्या कडेला, पायडलच्या वर चार बोटं, एक खाच दिसली.

आडवी खाच. दोरी बसेल एवढी, आतून गुळगुळीत.

ओतकामातला दोष असा गुळगुळीत नसतो. तो खडबडीत असतो, फुटाण्यासारखा दाणेदार. हे गंगारामला कळू नये? चौतीस वर्षं याने तेच केलं होतं, ओतलेल्या मालात खाच, भोक, उंचवटा दिसला की भरायचा नाही तर घासायचा, साहेबाच्या नजरेला काही पडता कामा नये. पण त्याचा खांदा पेटला होता, शनिवार तोंडावर आला होता, आणि दमलेल्या माणसाचा हात डोळ्याची वाट बघत नाही. खाच दिसली, हात भरायला निघाला.

आणि भरली ती कशी! पुट्टी लावून भागलं असतं, वरून रंग दिला की कुणाला कळतंय? हॉटेलाच्या टेबलांना तो तेच करायचा. पण हे घरचं. त्याने कोळशावर तो पाय सावकाश तापवला, टाकणखार टाकला, पितळेची कांडी धरली आणि ते पिवळं पाणी खाचेत भरून घेतलं. मग पाय तसाच तुसाच्या राखेत गाडला, कारण तापलेलं बीड एकदम गार झालं तर तडकतं. सकाळी काढून कानस फिरवली. बोट फिरवलं तर कुठे बीड संपलं, कुठे पितळ सुरू झालं हे कळेना. आयुष्यात इतकं सुंदर काम त्याने केलं नव्हतं असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. मग रेड ऑक्साईड, मग काळा रंग. पायडल त्याने पक्कं केलं नाही. तेल घालून हलतं ठेवलं. प्रेमलाला पाय हलवायची सवय, हलवू दे.

शुक्रवारी संध्याकाळी टेबल घरी आलं, सोबत दोन खुर्च्या. माजघरात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, जिथे मशीन होतं तिथेच त्याने ते ठेवलं. वर फणसाची पिवळी फळी, खाली काळी कुळकुळीत वेलबुट्टी. धाकू म्हणाला, "गंगादा, हे हॉटेलात ठेवलं असतं तर फोटो काढायला लाइन लागली असती."

प्रेमला जवळ आली. फळीवरून तिने हात फिरवला. मग एक हात फळीवर टेकून थोडी वाकली आणि दुसरा हात टेबलाच्या डाव्या पायाच्या मागे नेला, न बघता. बोटं तिथे आली आणि थांबली. वर गेली, खाली गेली.

"हितली खाच?" तिने विचारलं.

"भरली!" गंगाराम फुशारकीने म्हणाला. "पुट्टी नाय हां. पितळ ओतलंय. आता जन्मात कुणाला कळायची नाय."

"बरं केलंत," प्रेमला म्हणाली आणि भात बघायला आत गेली.

धाकूने गंगारामकडे पाहिलं, गंगारामने धाकूकडे. काहीतरी बिनसलं एवढं गंगारामला कळलं. पण काय? चांगलं झालंय असं एक शब्दाने तरी म्हणावं! ती चिडली असती, भांडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रात्री दोघं पहिल्यांदा समोरासमोर खुर्च्यांवर बसून जेवली. बत्तीस का पस्तीस, किती वर्षांच्या संसारात ती अशी तोंडासमोर तोंड करून कधी जेवलीच नव्हती. गंगारामला घास कुठे बघून खावा ते कळेना.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"उंच वाटतं," प्रेमला म्हणाली.

शनिवारी राजेंद्र, समीक्षा आणि सानवी आली. समीक्षाने टेबलाचं तोंडभर कौतुक केलं, फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. राजेंद्रही "वा बाबा" म्हणाला, पण त्याच दमात म्हणाला, "आई, तुझी पिशवी भरलीस काय?" म्हणजे टेबलाने काही मिटलं नव्हतं. गंगाराम ओटीवर जाऊन बसला. आंब्याला मोहोर चांगला आला होता, त्याकडे बघत बसला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. समीक्षा प्रवासाने आणि पोरीच्या जाग्रणाने गळून गेली होती, तिला प्रेमलाने जबरदस्तीने आत निजायला लावलं. आणि सानवीने भोकाड पसरलं. नवं घर, नवे आवाज, तिला झोप येत होती आणि झोपायचं नव्हतं. राजेंद्रने तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, काही उपयोग नाही. तेव्हा प्रेमला म्हणाली, "थांब. झोळी बांध."

राजेंद्रला सांगावं लागलं नाही. माजघराच्या वाशाला एक जुना आकडा होता, त्यात त्याने आईचं मऊ लुगडं बांधून झोळी केली, पोरीला आत घातलं. प्रेमलाने खुर्ची टेबलाशी ओढली आणि बसली. झोळीला बांधलेली दोरी तिने टेबलाच्या डाव्या पायाच्या मागून घेतली, दुसरं टोक खाली पायडलच्या जाळीत अडकवलं, आणि पाय टाकला. सगळं इतक्या सवयीने, की तीन वर्षं त्या पायडलला तिचा पाय लागलेला नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं. पायडल खाली गेलं, दोरी ताणली, झोळी एकदा हलली.

आणि दोरी त्या चकचकीत काळ्या रंगावरून सर्रकन खाली घसरली. झोळी थांबली. पोरगी ओरडली.

प्रेमलाने दोरी वर घेतली. पाय टाकला. परत घसरली. परत वर घेतली.

"आई, खाचेत घाल ना," राजेंद्र म्हणाला.

"खाच नाय आता."

राजेंद्र गुडघ्यांवर बसला, टेबलाच्या मागे हात घालून चाचपू लागला. त्याने वळून बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही भरलीत?"

"कसली खाच?" गंगाराम ओटीवरून उठून दारात आला. "ओतकामातली—"

"ओतकामातली काय, दोरीची!" राजेंद्रचा आवाज चढला. मग पोरीकडे बघून त्याने तो खाली आणला. "आई शिवताना आम्हाला अशी झोका द्यायची. हात कामात, पाय पायडलवर, आणि ही दोरी. मोठा झोका नाय यायचा, नुसती झोळी थरथरायची. त्याच्यावरच आम्ही झोपायचो. ताई झोपली, रसिका झोपली, मी झोपलो. पोलक्याचं माप द्यायला येणाऱ्या बायका आपली पोरं आणून त्यात टाकायच्या. अर्धी वाडी झोपल्येय हितं. काथ्याच्या दोरीने बीड झिजलं, बाबा. आम्ही लहानपणी त्या खाचेत बोट घालून बसायचो."

गंगाराम आत येऊन टेबलाजवळ उभा राहिला. मे महिन्यात कुणी झोळी बांधत नव्हतं. पोरं उचलायला पंचवीस हात असायचे. उरलेले साडेअकरा महिने इथे काय चालत होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. आणि बिडात एवढी खाच पडायला किती वर्षं लागतात, हे त्या घरात फक्त त्यालाच नेमकं माहीत होतं.

सानवी लालबुंद झाली होती. प्रेमलाने चौथ्यांदा दोरी वर घेतली.

"सोड," गंगाराम म्हणाला. "हितं दे."

तो टेबलाशेजारी खाली जमिनीवर बसला, दोरीचं टोक पायडलमधून सोडवून त्याने आपल्या उजव्या पंजाला दोन वेढे दिले आणि ओढलं. खांद्यातून कळ निघून मानेपर्यंत गेली. त्याने सोडलं, परत ओढलं. पहिले झोके फार मोठे गेले.

"एवढे नको," प्रेमला म्हणाली. "बारीक. नुसतं हललं पाहिजे."

त्याने बारीक केले. बारीक झोके जास्त दुखायचे. पोरगी रडत राहिली, मग रडण्यात खंड पडायला लागला, मग नुसतं कुरकुरणं उरलं. पाऊण तास झाला असेल.

"खांदा दुखेल," प्रेमला म्हणाली.

"दुखू दे."

राजेंद्र भिंतीला टेकून बसला होता. झोळीतलं कुरकुरणं थांबलं. गंगारामने दोरी सोडली नाही. त्याची मान खाली होती, आणि तसंच खाली बघत तो म्हणाला, "प्रेमल, जाऊ नको."

लेकासमोर म्हणाला! राजेंद्र उठला आणि चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर गेला.

प्रेमलाने झोळीत वाकून पाहिलं. मग हलक्या आवाजात, पोर उठू नये म्हणून, म्हणाली, "तुम्ही पिशवी उचलायचात ना, दरवर्षी, तेव्हा माझ्या तोंडात हेच असायचं. जाऊ नका. एकदाबी बोलले नाय. बोलले असते तर राहिला असतात काय?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "नाय," गंगाराम म्हणाला. "नसतो राहिलो. पोट होतं."

"मग आता त्या पोरांचं पोट हाय. समीक्षा कामावर नाय गेली तर घर चालायचं नाय त्यांचं."

"पण तू बोलली असतीस तर मला कळलं तरी असतं."

"आता कळलं ना," प्रेमला म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. दमली होती ती. खुर्चीत बसल्याबसल्या तिने एक हात खाली केला आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

सोमवारी सकाळी धाकूने टेंपो बेड्याशी लावला. त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. राजेंद्र सामानासकट मागे चढला. समीक्षाने सासऱ्याच्या पाया पडून "बाबा, जपा" म्हटलं आणि पुढे सरकून बसली. प्रेमलाला चढायला गंगारामने हात दिला. एक पाय, मग कळ, मग दुसरा पाय. तिने सानवीला मांडीत घेतलं, पदर नीट केला.

"फडताळात कुळथाचं पीठ हाय," ती म्हणाली. "आणि मेमधे येते. पंधरा दिवस."

टेंपो निघाला.

मेमधे येतो, पंधरा दिवस. याच बेड्याशी, पिशवी खांद्याला लावून, गंगारामने हे दरवर्षी म्हटलं होतं. म्हणताना त्याला ते केवढं तरी मोठं आश्वासन वाटायचं. ऐकताना कसं लागतं ते त्याला आज कळलं. पंधरा दिवस. बास.

तो आत आला. माजघरात आला. झोळी राजेंद्रने सोडून ठेवली होती, दोरी टेबलावर गुंडाळून ठेवली होती. भात टाकायला हवा होता. ओटीवर जाऊन बसायला हवं होतं. त्याला बसवेना, आणि आत घर असं होतं की पाणी प्यायचं म्हटलं तरी भांड्याचा आवाज नको वाटावा. पाच मिनिटं झाली असतील नसतील, त्याने कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी ओढली, गोल कानस काढली आणि टेबलामागे जमिनीवर बैठक मारली.

आधी काळा रंग खरवडला. त्याखालचा तांबडा खरवडला. त्याखाली ते पिवळं दिसलं, दोरीएवढं आडवं, चोहीकडून करडं बीड. जागा शोधायला लागली नाही. कानस टेकवून त्याने पहिला हात मारला, खांद्याने आईगं म्हणायला लावलं, त्याने दुसरा मारला. पितळ बिडापेक्षा मऊ. बारीक पिवळी भुकटी जमिनीवर पडायला लागली. पिवळं संपेपर्यंत जायचं आणि करडं लागलं की थांबायचं, एवढंच काम. तिने पाडलेल्यापेक्षा एक केसभर जास्त नाही.

स्टेशनवरून परतताना धाकू टेंपो थांबवून डोकावला. कानसेचा आवाज त्याला पार वरच्या रस्त्यापर्यंत ऐकू आला होता.

"गाडी टायमावर सुटली," तो म्हणाला. मग दारातून वाकून बघत हसला. "काय गंगादा, वहिनी गेली नाय तोवर लगेच काम सुरू? बरं हाय तुमचं. तुम्हाला काय!"

गंगारामचा हात थांबला. खालून मशीनचा आवाज येत असताना सड्यावर उभा राहून तो स्वतः हेच म्हणाला होता, वर्षानुवर्षं. धाकूला सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगायला तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने परत कानस टेकवली आणि खाली मान घालून घासत राहिला.